वाचकांचे प्रश्न : बोटीच्या आसनाला पडलेले भोक

प्रश्न : आमच्या लहान मोटारबोटीची पांढऱ्या व्हिनाइलची आसने सहा वर्षे वापरात आहेत. मागच्या बाकावर मासेमारीचा गळ रुतून दोन बारीक भोके पडली असून चालकाच्या आसनावर, नेमकी बसण्याच्या जागी, साधारण एक सेंटिमीटरची चीर गेली आहे. एवढ्याशा कामासाठी अख्खी खोळ बदलणे जिवावर येते. घरात असलेला झटपट चिकटणारा गोंद थेंबभर टाकून ही भोके बुजवली तर चालेल का?

उत्तर : खोळ बदलण्याची गरज नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे, मात्र झटपट गोंदाचा विचार सोडून द्यावा. हा गोंद सुकला की काचेसारखा कडक होतो आणि भोवतालचे व्हिनाइल मात्र माणूस बसला-उठला की वाकत राहते. कडक आणि मऊ यांच्या सीमेवर सगळा ताण येऊन तिथे नवी भेग पडते, आणि टाचणीएवढ्या भोकाच्या जागी दातेरी कडांची मोठी फाट तयार होते. प्लंबर वापरतात ते पीव्हीसी पाइपचे सोल्यूशनही याच कारणासाठी नको. सिलिकॉन सीलंट लवचीक असते खरे, पण ते व्हिनाइलला नीट धरत नाही आणि एकदा लावले की त्याच्या अवशेषांवर पुढे दुसरे काहीही चिकटत नाही, त्यामुळे चुकीची दुरुस्ती सुधारण्याची वाटही बंद होते.

भोक कशाने बुजवावे, या प्रश्नाआधी ते भोक इतके दिवस काय करत होते, हे पाहणे माझ्या मते अधिक गरजेचे आहे. व्हिनाइलची खोळ म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टरच्या अस्तरावर चढवलेला पीव्हीसीचा थर, आणि त्यावर ऊन व डाग यांपासून बचाव करणारा अतिशय पातळ लेप. खोळीच्या आत स्पंजासारखा सच्छिद्र फोम असतो आणि त्याखाली प्लायवूडची किंवा प्लास्टिकची फळी. आपण आसनावर बसतो तेव्हा फोम दबून आतली हवा बाहेर पडते. उठतो तेव्हा फोम पुन्हा फुगतो आणि मिळेल त्या वाटेने हवा आत ओढतो. भोकावर त्या वेळी पाणी साचलेले असेल, तर हवेऐवजी पाणीच आत जाते. म्हणजे बसण्याच्या जागेवरचे भोक हे नुसते गळके छिद्र नसून तो एक छोटा पंप असतो, आणि ओले कपडे घालून दिवसभर बसणारी-उठणारी मंडळी तो पंप चालवत असतात. भोकाचा आकार पाहून आत किती पाणी गेले असेल याचा अंदाज कधीच बांधू नये.

आतली ओल तपासण्याच्या दोन साध्या रीती आहेत. जोडीची सारखी दोन आसने असतील, तर दोन्ही सुटी करून वजनकाट्यावर ठेवावीत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो होत असल्यामुळे फरक लगेच कळतो. जोडी नसेल तर बांबूची बारीक काडी भोकातून अलगद, तळाच्या फळीला टेकेपर्यंत आत सरकवावी, अर्धा तास तशीच राहू द्यावी आणि बाहेर काढून टिश्यू पेपरवर टेकवावी. फोमचे वरचे थर कोरडे आणि तळ ओला, असे अनेकदा आढळते, म्हणून काडी अर्ध्यावर थांबवून उपयोग नाही.

ओल सापडली, तर ती पूर्ण जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. मी स्वतः एकदा हा धीर धरला नव्हता. वरून आसन कोरडे दिसले म्हणून भोक बुजवले, काम देखणे झाले, आणि पुढच्याच कडक उन्हात आतल्या पाण्याची वाफ होऊन त्या जागी मटाराएवढा फुगा आला. तो फुगा कापला तेव्हा आलेला कुबट वास अजून आठवतो. आसनाखालचे स्क्रू काढून ते बोटीतून बाहेर आणावे, भोक सर्वांत खाली येईल अशा रीतीने उभे करून तळहाताने दाबत पाणी निथळू द्यावे, आणि मग सावलीत पंख्याच्या वाऱ्याला ठेवावे. याला दोन दिवस लागतील किंवा आठवडाही लागेल. काडी कोरडी निघेल तो दिवस खरा. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या बोटीचे काम थोडे वाढते. फोममध्ये राहिलेले मीठ हवेतला ओलावा शोषत राहते, त्यामुळे अशा वेळी तळाच्या काही स्टेपल काढून खोळ एका बाजूने उलटावी, फोम गोड्या पाण्याने दोन-तीनदा पिळून धुवावा आणि मगच सुकवावा. खोळ परत बसवताना स्टेनलेस स्टीलच्याच स्टेपल माराव्यात, कारण साध्या स्टेपल गंजतात आणि त्या गंजाने खोळीची कड कुजते.

आता गळाच्या भोकांविषयी. गळ अजून रुतलेला असेल, तर त्याला सरळ वर ओढू नये, कारण टोकाजवळची उलटी आकडी बाहेर येताना अस्तर फाडत येते. गळाची दांडी खोळीकडे दाबून धरली की आकडीची पकड सैल होते, आणि तो ज्या वळणाने आत गेला त्याच वळणाने अलगद मागे घेता येतो. नंतर भिंगातून पाहिल्यास भोकाची कड वारुळाच्या तोंडासारखी वर उचललेली दिसते आणि अस्तराचे दोन-चार पांढरे धागे बाहेर डोकावतात. हे धागे तसेच ठेवून वर भराव टाकला, तर ते वातीसारखे काम करून पाणी आत नेतात, म्हणून नखे कापण्याच्या बारीक कात्रीने ते कडेलगत कापावेत आणि उचललेली कड बोथट काडीने आत दाबावी.

त्यानंतर स्वच्छता. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात आणि दोष मात्र गोंदाला मिळतो. आसने चमकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असते, आणि त्याचा न दिसणारा थर कोणत्याही चिकट पदार्थाला धरू देत नाही. सौम्य साबणाचे पाणी व मऊ ब्रश यांनी जागा धुऊन पुसावी, पूर्ण सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने भोकाभोवतीची चार-पाच सेंटिमीटर जागा पुसावी, आणि फडके दरवेळी उलटून घ्यावे, म्हणजे निघालेला चिकटपणा पुन्हा तिथेच पसरणार नाही. अॅसिटोन किंवा रंगाचा थिनर मुळीच नको. ते वरचा संरक्षक लेप विरघळवतात.

भरावासाठी द्रवरूप व्हिनाइल या नावाने मिळणारा पदार्थ घ्यावा आणि वेष्टनावर तो लवचीक व्हिनाइलसाठी असल्याचे वाचून खात्री करावी. त्यातला द्रावक जुन्या व्हिनाइलची कड किंचित मऊ करतो, आणि सुकताना नवे-जुने एकजीव होते. टूथपिकच्या टोकावर छोटा थेंब घेऊन पहिला थर भोकाच्या आत, कडांना लागेल असा द्यावा. द्रावक उडून गेला की भराव आकसतो आणि मध्यभागी खळगा राहतो. हा दोष नव्हे, तो त्या पदार्थाचा स्वभावच आहे. म्हणून एकाच वेळी ढीग न रचता पहिला थर सुकल्यावर दुसरा आणि गरज पडल्यास तिसरा द्यावा, आणि शेवटचा थर ओला असताना जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने सपाट ओढावा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला एवढे पुरते.

चिरेला मात्र हे पुरणार नाही. ती बसण्याच्या जागी असल्यामुळे प्रत्येक वेळी कोणी बसले की तिच्या दोन्ही ओठांना विरुद्ध दिशांनी ओढ बसते, आणि नुसता भराव ही ओढ फार दिवस सहन करत नाही. इथे आतून ठिगळ द्यावे लागते. ओढ ठिगळाने सोसायची आणि भरावाने फक्त वरची फट झाकायची. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी जाड तापवलेल्या सुईने किंवा बारीक पंचाने गोल छिद्र करावे, म्हणजे चीर पुढे पळणार नाही. गोल कडेवर ताण विभागला जातो, अणकुचीदार टोकावर तो एकवटतो. ठिगळासाठी न ताणणारे, पातळ पण घट्ट विणीचे पॉलिएस्टर कापड घ्यावे. सुती कापड ओल धरते आणि कुजते. ठिगळ चिरेपेक्षा सगळीकडून किमान एक सेंटिमीटर मोठे असावे आणि त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आत दुमडतो आणि बसल्यावर खड्यासारखा टोचतो.

ठिगळाची सुरळी करून ती चिमट्याने चिरेतून आत सरकवावी आणि आत गेल्यावर बोथट काडीने चारही बाजूंनी उलगडावी. हे काम वाचायला सोपे वाटते, पण पहिल्या प्रयत्नात ठिगळ हमखास एका बाजूला गोळा होते; आधी गोंदाशिवाय दोन वेळा सराव करावा. ते नीट बसते असे दिसल्यावर चिरेचा एक ओठ उचलून त्याखाली, म्हणजे अस्तर आणि ठिगळ यांच्यामध्ये, व्हिनाइलसाठीचा लवचीक गोंद पातळ पट्टीने पसरावा, मग दुसऱ्या ओठाखाली. गोंद फोमपर्यंत उतरू देऊ नये, कारण गोंद प्यायलेला फोम कडक होऊन तिथे गाठ जाणवते. दोन्ही ओठ एकमेकांना टेकतील पण एकमेकांवर चढणार नाहीत असे जुळवून वर पॉलिथिनचा तुकडा, त्यावर सपाट फळी आणि तिच्यावर एखादे पुस्तक ठेवावे. वजन फार जड नको. फोम खोल दबला की ओठ उघडतात. चोवीस तासांनी फळी काढून फटीत द्रवरूप व्हिनाइलचे पातळ थर द्यावेत, आणि शेवटच्या थरानंतर आणखी एक दिवस आसनावर कोणालाही बसू देऊ नये.

हे सगळे काम बोटीबाहेर, मोकळ्या हवेत आणि सावलीत करावे. द्रावकाची वाफ ज्वालाग्राही असते, ती हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचते, आणि तिथे इंधनाची वाफ आधीच असण्याची शक्यता असते. शिवाय तापलेल्या व्हिनाइलवर द्रावक इतक्या झपाट्याने उडतो की भरावाच्या वर साय धरते आणि आत बुडबुडे अडकतात.

प्रश्न : आमच्या आसनावर एक भोक आहे आणि त्याच्याभोवती फिकट गुलाबी डाग पसरत चालला आहे. साबण, ब्लीच, बाजारातले दोन वेगवेगळे क्लीनर, सगळे वापरून पाहिले. डाग हलत नाही. आधी डाग घालवावा की भोक बुजवावे?

उत्तर : हा डाग वरून पडलेला नाही, म्हणून वरून घासून तो जात नाही. खोळीच्या आतल्या बाजूला ओल टिकून राहिली की तिथे सूक्ष्मजीव वाढतात. त्यांच्यापैकी काही गुलाबी रंगद्रव्य तयार करतात, आणि ते व्हिनाइलमधल्या मऊपणा देणाऱ्या घटकात विरघळून हळूहळू पृष्ठभागापर्यंत चढते. रंग व्हिनाइलच्या अंगातच मुरलेला असतो. ब्लीच वापरणे आजच थांबवावे, कारण त्याने डागाचे काही बिघडत नाही आणि शिवणीचा दोरा व वरचा लेप मात्र कमकुवत होतो.

आपल्यासाठी हा डाग म्हणजे फोम ओला असल्याची खूण आहे. खोळ तळाकडून उघडून फोम पाहावा. तो नुसता ओला असेल तर धुऊन सुकवता येईल. काळे ठिपके, कुबट वास आणि बोटाने दाबल्यावर चुरा होणे, यांपैकी काही आढळले तर तो बदललेला बरा. फळीलाही टोकदार वस्तूने टोचून पाहावे. प्लायवूड मऊ लागले, तर स्क्रू त्यात धरणार नाहीत आणि भर वेगात आसन हलण्याचा धोका राहतो, जो डागापेक्षा कितीतरी गंभीर आहे. हे सर्व निस्तरल्यावर भोक बुजवावे. डाग बहुधा तसाच राहील. त्यावर व्हिनाइलचा रंग मारता येतो, पण रंगद्रव्य त्यातूनही वर येऊ शकते. दृष्टीला फारच खुपत असेल, तर खोळीची तेवढी पट्टी नवी शिवून घेणे हाच खरा इलाज आहे.

प्रश्न : एक भोक बुजवले की महिन्याभरात त्याच्या शेजारीच नवे पडते. माल हलका होता, की माझ्या हाताला गुण नाही?

उत्तर : दोन्ही नसावे. पीव्हीसी मुळात कडक असते. 1926 साली वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने त्यात योग्य द्रावक मिसळून ते मऊ आणि लवचीक करता येते हे शोधले, आणि आपण ज्याला नुसते व्हिनाइल म्हणतो ते कापडासारखे वाकणारे रूप त्या शोधातून आले. हा मऊपणा देणारा घटक पीव्हीसीशी रासायनिक बंधनाने जोडलेला नसतो, नुसता त्यात सामावलेला असतो. ऊन, उष्णता आणि कडक क्लीनर यांमुळे तो वर्षानुवर्षे झिरपून निघून जातो आणि मागे मूळची कडक पीव्हीसी उरू लागते.

आपल्या आसनाची एक साधी परीक्षा घ्यावी. भोकापासून थोडे दूर, जिथे ऊन सर्वाधिक लागते तिथे, खोळ दोन बोटांत चिमटीने धरून दुमडावी. घडीच्या माथ्यावर केसासारख्या बारीक रेघा उमटल्या, तर त्या भागाचे आयुष्य संपत आले आहे, आणि तिथे कितीही चांगले ठिगळ दिले तरी त्याच्या कडेचे व्हिनाइल तुटेल. अशा वेळी मी दुरुस्तीचा सल्ला देत नाही. ती पट्टी बदलून घ्यावी. घडी स्वच्छ पडली, तर मात्र खिशातली किल्ली, पक्कड, कुत्र्याची नखे यांच्याकडे संशयाने पाहावे. माझ्या ओळखीच्या एका बोटीवर शेवटी पॅंटच्या मागच्या खिशावरचे धातूचे बटण दोषी निघाले होते.

प्रश्न : दुरुस्तीच्या संचात गरम करून बसवण्याचा भराव आणि हवेत सुकणारा भराव, असे दोन प्रकार दिसतात. कोणता घ्यावा? रंग जुळवण्याचे काय?

उत्तर : गरम करून बसवण्याचा भराव अधिक टिकाऊ होतो, पण तो पक्का होण्यासाठी साधारण 150 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, आणि त्याच्या थोडे पुढे गेले की भोवतालचे व्हिनाइल चमकू लागते, आकसते आणि करपते. कारागिराच्या हातात ते साधन शोभते. घरी पहिल्यांदाच काम करणाऱ्याने हवेत सुकणारा भराव घ्यावा.

पांढऱ्या आसनाचा रंग जुळवणे सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत अवघड असते, कारण काही वर्षे उन्हात राहिलेले पांढरे मुळात पांढरे उरलेले नसते. नव्या पांढऱ्या भरावात पिवळ्याचा आणि तपकिरीचा अगदी सुईच्या टोकाएवढा अंश मिसळत जावा, आणि प्रत्येक मिश्रणाचा ठिपका आसनाच्या बाजूवर चिकटवलेल्या पारदर्शक चिकटपट्टीवर लावून तो सुकल्यावर उजेडात पाहावा. ओला रंग आणि सुकलेला रंग यांत फरक पडतो, त्यामुळे ओल्यावर विश्वास ठेवून काम उरकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी डोळ्यांत भरणारा ठिपका मिळतो. पोतही महत्त्वाचा आहे. संचातले पोताचे कागद आपल्या आसनाशी क्वचितच जुळतात. त्यापेक्षा आसनाच्याच चांगल्या भागावर साचा घेण्याची मऊ सिलिकॉन लुगदी दाबून ठसा घ्यावा आणि शेवटचा थर अर्धवट सुकलेला असताना तो ठसा त्यावर हलकेच दाबावा. रंगात थोडा फरक राहिला तरी पोत जुळल्यास नजर तिथे अडखळत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : वरून चिकटवायची तयार ठिगळे वापरावीत का?

उत्तर : हंगामाच्या मध्यात, पाणी आत जाऊ नये म्हणून, जरूर. कोपरे गोल कापावेत आणि घट्ट दाबावे. पण कपडे घासून त्याची कड सुटू लागते, तिथे धूळ चिकटते आणि पुढे काढताना गोंदाचा थर उरतो, म्हणून त्याला कायमची दुरुस्ती समजू नये. शिवणीवरच्या भोकांसाठी तर हे ठिगळही नको आणि भरावही नको. तिथे दोरा कुजलेला असतो, आणि उन्हाला टिकणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याने जुन्याच छिद्रांतून पुन्हा शिवून घेणे हा एकच मार्ग आहे. नवी छिद्रे पाडली, तर ती ओळ टपालाच्या तिकिटासारखी फाटते.

प्रश्न : वरची सर्व भोके बुजवताना आसनाच्या तळाच्या फळीतही चार-पाच छिद्रे दिसली. खबरदारी म्हणून तीही सीलंटने बंद केली. आता बसले की आसन फुस्स आवाज करते आणि एक नवे ठिगळ उचकटले आहे. काय चुकले?

उत्तर : तळाची छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. बसल्यावर दबलेली हवा तिथून बाहेर जाते आणि चुकून आत गेलेले पाणीही तिथूनच निथळते. ती बंद झाल्यामुळे हवेने सर्वांत दुबळी जागा शोधली, आणि ती आपले नवे ठिगळ निघाली. सीलंट कोरून ती सर्व छिद्रे मोकळी करावीत, आसन दोन दिवस उलटे ठेवून सुकवावे, उचकटलेले ठिगळ पूर्ण काढून जुना गोंद साफ करावा आणि ते नव्याने बसवावे. आसन बोटीवर परत लावताना ती छिद्रे खालच्या पट्टीने किंवा कार्पेटने झाकली जात नाहीत ना, तेही पाहून घ्यावे.